शेक सुरू असताना खाडा नको

महोदय,

सणासुदीचे दिवस आले की तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन, म्हणजे बोलीत 'शेक' किंवा 'लाईट', घेणारे काही रुग्ण आठवडाभर गावी जातात. तोंड आलेले असते, घास गिळवत नाही. 'जरा बरं वाटलं की पुन्हा सुरू करू,' असे घरचेही म्हणतात. पण हा खाडा फार महागात पडतो.

मुळात 'शेक' या शब्दाने गैरसमज होतो. रोजच्या २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेने शरीर एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही तापत नाही. क्ष-किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून निघालेले हायड्रॉक्सिलचे कण डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रे मात्रेत एका पेशीत सुमारे १,००० ठिकाणी डीएनएचा एक धागा तुटतो. ते पेशी सहज सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटतात ते सुमारे ४० ठिकाणी, आणि खरा घाव तो. तो वेडावाकडा सांधला गेला तर पेशी पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते. म्हणून पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही आणि तोंड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते: वरचे अस्तर झिजते, खालून नवे पुरेसे येत नाही.

आठवड्याला ५ दिवस, ६ ते ७ आठवडे अशी विभागणी असते ती निरोगी पेशींना मधल्या वेळात दुरुस्ती करता यावी म्हणून. मात्र चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कर्करोगपेशी झपाट्याने वाढू लागतात. त्यानंतरचा वाया गेलेला प्रत्येक दिवस सुमारे ०.६ ग्रे खाऊन टाकतो. सात दिवसांत दोन दिवसांचे उपचार पाण्यात! नाइलाजाने खाडा झालाच तर त्याच दिवशी विभागात कळवा. शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा किरण देऊन बरेचसे भरून काढता येते. उशिरा कळवले तर भरून काढायला दिवसच उरत नाहीत.

वजनाकडेही लक्ष हवे. चेहऱ्यावरचा प्लास्टिकचा मास्क पहिल्या दिवसाच्या मापाचा असतो. गाल उतरले की तो सैल होतो, आत मान हलते आणि किरण लाळग्रंथीवर किंवा मज्जारज्जूवर सरकू शकतात. मास्कमध्ये बोट शिरू लागले तर तंत्रज्ञाला लगेच सांगा.

तोंड आल्यावर १ लिटर कोमट पाण्यात एकेक चमचा मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भराव्यात. अल्कोहोल असलेले माउथवॉश नको. मानेच्या त्वचेवर हळदीचा लेप किंवा बाम लावू नये. विडी-सिगारेट तर पूर्ण बंद: धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन घटवतो, आणि ऑक्सिजनविना असलेली कर्करोगपेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते.

बाहेरून किरण सोडणाऱ्या या यंत्रावर उपचार घेणाऱ्याच्या अंगात किरण साठत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे.

किडलेले दात उपचार सुरू होण्याआधी काढून जखम भरायला १० ते १४ दिवस द्यावेत. किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो, नंतर दात काढल्यास जखम न भरता हाड सडू शकते. उपचारांना दहा वर्षे झाली असली तरी दात काढण्याआधी दंतवैद्याला रेडिएशनचे कागद दाखवावेत.

— रेडिओथेरपी विभागातील काही कर्मचारी