तारखेपायी बोट हाकू नका

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोटोही नीट बघितले. फोनवर सगळं बोलणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

मायामीच्या वाटेवर नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीला बोट बांधून बसलात, मेकॅनिक गुरुवारचा सोमवारवर गेला, आणि तू लिहितेस की दिवस फुकट चाललेत. त्यावर बोलूच, पण आधी इंजिनाचं बघू. ते पुन्हा तापलं, म्हणजे बिघाड अजून आतच आहे.

तुम्ही डिस्मल स्वॉम्प कॅनॉलमधून आलात. १८०५ साली वाहतुकीला खुला झालेला, गुलामांकडून दलदलीत खणून घेतलेला कालवा. पाणी काळ्या चहासारखं आणि वर डकवीडच्या बारीक पानांचा हिरवा थर. ती पानं स्ट्रेनरमध्ये, म्हणजे आत येणारं पाणी गाळणाऱ्या जाळीत, दाटली की इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाला पाणी मिळत नाही, पंपातलं पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरतो आणि त्याची रबरी पाती तुटतात. अलार्म वाजल्याबरोबर तू इंजिन बंद केलंस, काठाच्या झाडाला दोर मारलास, आणि आधी सीकॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा नळ, बंद करून मगच स्ट्रेनर उघडलास. शाब्बास! जहाजावर माझ्या हाताखाली शिकलेली कितीतरी पोरं त्या घटकेला गडबडली असती.

नवा इम्पेलर घातलात, थोडा वेळ बरं चाललं, आणि पास्कोटँक नदीत तापमानाचा काटा परत वर गेला. आता जुन्या इम्पेलरचा तुझाच फोटो मोठा करून बघ. सहा पात्यांपैकी चारच शिल्लक आहेत. मग दोन गेली कुठे? पंपाच्या पुढे पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलीत, बहुतेक हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता पाण्यात सोडणाऱ्या नळ्यांच्या डब्याच्या, तोंडाशी. त्याचं झाकण काढून नळ्यांच्या तोंडात टॉर्च मारा. तुकडे सापडतील ते फडक्यावर मांडून पात्यांचा आकार जुळवा. दीडच पातं जुळलं, तर अर्धं अजून आत आहे असं समजा आणि शोधत राहा. त्यानंतर मिक्सिंग एल्बो उघडा. गरम धूर आणि पाणी तिथे एकत्र येतात, आणि काजळी न् मीठ साचून आतली वाट अरुंद होत जाते. जुन्या बोटीत ही हमखास राहून गेलेली जागा. मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलायला सांगितलं तर बदला, महाग नसतो, पण तेवढ्यावर समाधान मानू नका.

आणखी एक. इंजिन सुरू होत नसेल तर सीकॉक उघडा ठेवून सेल्फ मारत बसायचं नाही. दर खेपेला पंप सायलेन्सरमध्ये पाणी लोटतो, ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो, आणि भरलेलं पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. चांगली इंजिनं अशीच गेलेली मी पाहिली आहेत. दोन-तीनदा मारून लागलं नाही, तर सीकॉक बंद करा आणि इंजिन लागलं की लगेच उघडा.

दुरुस्ती झाली की धक्क्याला घट्ट बांधलेलं असतानाच गिअर टाकून अर्धा तास लोडवर चालवा. एकाने काट्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने मागे पाणी किती पडतंय ते बघायचं. कारण पुढचा रस्ता मी चार्टवर बघितलाय. अल्बमार्ल साउंड ही खाडी उथळ आहे, वारा चढला की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. ते शिडावर पार करता येईल, वारा बरा असला तर. पण त्यापुढे अॅलिगेटर नदीपासून पंगो नदीपर्यंत वीसेक मैलांचा सरळ, अरुंद कालवा आहे आणि त्यातून बार्ज ओढणारे टग येतात-जातात. ‘आता बरं वाटतंय’ एवढ्या भरवशावर तिथे शिरायचं नाही.

आता दिवसांबद्दल. आपल्या नौदलातली वर्तिका जोशी आणि तिच्या पाच सहकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरून जगाची फेरी करून परतत होत्या. केपटाऊन सोडलेलं, गोवा तेवढं उरलेलं. त्यात स्टिअरिंग बिघडलं आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. थांबल्या, दुरुस्ती केली आणि २१ मे २०१८ ला गोव्यात पोचल्या. मॉरिशसचे ते दिवस फुकट गेले असं मला तरी कधी वाटलं नाही. आपल्या मिरकरवाड्याचे तांडेल बघ. मासेमारीची पावसाळी बंदी उठली तरी समुद्र निवळला नसेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, आणि त्याबद्दल कुणी त्यांना भित्रं म्हणत नाही. तिकडे तर वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. आठ-दहा दिवस उशिरा दक्षिणेला उतरलात तर थोडी थंडी सोसावी लागेल, इतकंच.

थांबलाच आहात तर शेजारच्या बोटींवर जाऊन बोला. त्या गावात १९८३ पासून पाहुण्या बोटींना गुलाब द्यायची पद्धत आहे. अशा ठिकाणी तुमच्याच जातीचं इंजिन उघडून बसलेला कुणीतरी भेटतोच, आणि त्याच्या कपाटात गॅस्केटही निघतं. आणि तुम्हा दोघांचं जे वाजलं, ते इंजिनरूमच्या उकाड्यातलं होतं. झोप काढा, पोटभर जेवा, मग बोला.

तुझी घाई कशाची आहे ते आम्हाला कळतं. डिसेंबरात आम्ही मायामीला उतरायच्या आत तुला तिथे पोचायचंय. काल आईशी बोललो. आमचं तिकीट बदलून घेतोय. तुम्ही ज्या गावी असाल त्या गावी येऊ, मग ते चार्ल्सटन असो की नॉर्थ कॅरोलायनातला एखादा धक्का. तिकीट बदलायचे पैसे लागतील ते लागू देत. तुम्ही रात्री, वाऱ्यात, अर्धवट इंजिनावर त्या साउंडमध्ये असलात तर आम्हा दोघांना इथे रत्नागिरीत झोप लागणार नाही.

मेकॅनिक सोमवारीही आला नाही तर एक्सचेंजर तुम्हीच उघडा, तुला जमेल. खोलण्याआधी प्रत्येक पाइपाचा फोटो काढून ठेव. नवीन गॅस्केट आणि दोन जास्तीचे इम्पेलर हातात आल्याशिवाय मात्र हात लावू नका. झाकण निघालं की मला व्हिडिओ कॉल कर, इथे कितीही वाजलेले असोत.

तुझा,
बाबा