ठेका धरणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण आपल्या अमळनेर-धरणगावकडे गोड गळा असूनही माइक दिसला की मागे सरणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून असं उघड लिहितेय.

'घाबरायचं काय त्यात?' असं मला सगळेच म्हणायचे. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. भीती वाटणारच, असं धरून तुम्ही कामाला लागलात. त्या वेळी अंगात ॲड्रेनालिन उसळतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, श्वास वरच्या वर राहतो, हे मी नंतर वाचलं. श्वास तोकडा पडला की गाणारा लयीच्या पुढे पळत सुटतो. तुम्हाला ते तबल्यावर बसल्या बसल्या कळायचं. माझा मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच येऊन आदळायचा, पण तुमचा ठेका तसूभर हलायचा नाही. डग्ग्यावरचा हात जरा जड पडायचा आणि 'घाई नको करू, माय' एवढंच हळू ऐकू यायचं. त्या डग्ग्याला धरूनच मी लयीत परतायची.

रियाजही तुम्ही बदललात. चार मात्रांत श्वास घ्यायचा, आठ मात्रांत सोडायचा. कार्यक्रमापुरती काळी पाच सोडून पांढरी सहा, म्हणजे अर्धा सूर खालची पट्टी, कारण भीतीनं गळा आवळला तरी तार षड्ज, वरचा सा, हाताशी राहिला पाहिजे. पहिलं गाणं झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल असं, मध्य लयीतलं. आणि बैठकीवर येऊन बसण्यापासून पहिल्या ओळीपर्यंतचा भाग वेगळा घोटायचा, कारण खरी कसोटी तिथेच असते. किती गुरुजनांच्या हे ध्यानात येतं?

सगळ्यात मोठे उपकार आपल्या खानदेशच्या कानबाई देवीचे आणि तुमचे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तिच्या सणाला, प्रसादाच्या रोटांच्या जेवणानंतर रात्रभर अहिराणी गाणी चालतात. तिथे तुम्ही मला बायांमध्ये नेऊन बसवलंत. एकीनं ओळ सोडली की दुसरी उचलते, कोणी परीक्षक नसतो. तिथून सप्ताहातली भजनं, मग शाळेचं स्नेहसंमेलन, आणि शेवटी जळगावचं मोठं स्टेज. एकेक पायरी तुम्ही निवडलीत. बिदागी मात्र एकदाही घेतली नाहीत.

धडधड अजून होते, नाना. पण आता ती सुरू झाली की मी आधी लांब श्वास सोडते आणि मगच सा लावते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींनाही यंदा कानबाईच्या जागरणाला घेऊन येतेय. तुम्ही या, तबला मी उचलून आणते.

तुमची,
गाणारी लेक