आधी बंद करायला शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमवर गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं. ‘ही यंत्रं आधी घराबाहेर काढा’ असा एकंदर सूर. मी ते पत्र दोनदा वाचलं, कारण वाचताना तसलंच एक यंत्र माझ्या मांडीवर होतं. माझं वय 64. यंत्रात ढाल-तलवार घेतलेला एक पोरगा गुहेच्या तोंडाशी उभा होता आणि मी वाचून संपवण्याची वाट बघत होता. पत्रलेखकाची काळजी खोटी नाही. पण त्यांचा उपाय मला पटला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी 31 वर्षं टाइपरायटरवर टायपिंग शिकवलं. यंत्रावर बसलेल्या माणसाची मान, मनगटं आणि बोटं बघणं हाच माझा धंदा होता. नवीन विद्यार्थी आला की त्याला कळफलकावर तुटून पडायची घाई असायची. मी मात्र पहिल्या दिवशी कागद बाहेर काढायला शिकवायचो. खिटी पुढे ओढून रूळ सैल करायचा, मगच कागद उचलायचा. नाहीतर पोरं कागद सर्रकन ओढून काढतात, कागद फाटतो आणि रूळ झिजतो तो वेगळाच. कागद नीट काढता आला की मग ‘एएसडीएफजीएफ’ हा बोटांचा पहिला धडा. मला हसणारे पुष्कळ होते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे घरात बसावं लागलं, तेव्हा भाची हे यंत्र घेऊन आली. दोन्ही बाजूंना कळा, मध्ये पडदा, वजन साधारण 400 ग्रॅम. खेळ परीकथेतला. राज्यावर काळी सावली पडली आहे, सात गुहांमध्ये सात दिवे आहेत आणि ते पोराने पेटवायचे आहेत. भाचीने अर्ध्या तासात चालणं, उडी, वार आणि ढाल शिकवलं आणि ती निघून गेली. थांबायचं कसं हे तिने सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. एरवी पहिल्या दिवशी कागद काढायला शिकवणारा मी!

तिसऱ्या दिवशी मी साडेतीन तास सलग बसलो. दुसऱ्या गुहेत एक दगडी राक्षस आहे. त्याचा वार आला की त्याच क्षणी ढाल उचलायची, म्हणजे डावा अंगठा कळीवर आणि उजवा सारखा टकटक करत. मी अकरा वेळा मेलो. मेलं की खेळ लगेच दारापाशी आणून सोडतो, ‘पुन्हा?’ म्हणून विचारतो आणि बोट आपसूक ‘हो’वर जातं. बाराव्यांदा राक्षस पडला. मी उठलो, सदऱ्याची बटणं लावायला गेलो आणि दुसऱ्या बटणाशी उजव्या अंगठ्याच्या मुळातून अशी कळ निघाली की बटण हातातच राहिलं. तो दिवस बिनबटणाचा गेला.

डॉक्टरांनी अंगठा मुठीत घालायला लावला आणि मूठ करंगळीकडे वाकवायला सांगितलं. माझ्या तोंडून जे निघालं ते छापण्यासारखं नाही. या दुखण्याचं वर्णन डी क्वेर्वेन नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्येच करून ठेवलं आहे. अंगठा उचलणारे स्नायुबंध मनगटापाशी ज्या अरुंद नळीतून जातात ती सुजते. तेव्हा व्हिडिओ गेम कुठले? पण एकच हालचाल हजार वेळा करणारे हात तेव्हाही होतेच. डॉक्टरांनी आणखी एक गंमत सांगितली. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र आलं होतं. 35 वर्षांची एक बाई मुलाचा गेम घेऊन पाच तास सलग खेळली आणि तिचा अंगठा धरला. डॉक्टरने त्या दुखण्याला यंत्राच्या नावावरून ‘निन्टेंडिनायटिस’ असं नाव दिलं. म्हणजे या बाबतीत माझ्या पुढे एक बाई आहे, हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

तीन आठवडे अंगठ्याला पट्टा. त्या काळात या यंत्रावरचा खेळ बंद होता, पण विचार चालू होता, आणि माझा मुद्दा तिथेच सापडला. अंगठा साडेतीन तासांनी नाही दुखावला. तो पहिल्या अर्ध्या तासातच सांगत असणार, पण राक्षसापुढे मला ते ऐकू आलं नाही. अशा खेळात थांबावंसं कधीच वाटत नाही, कारण पुढची पायरी कायम दोन मिनिटांवर असते. मग ‘थोडाच वेळ खेळ’ असं सांगून काय उपयोग? थांबणं हेही एक कसब आहे, आणि ते वार करण्याच्या आधी हातात बसायला हवं.

गंमत म्हणजे जुने खेळ ते शिकवत असत. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ हा या जातीचा मूळपुरुष. तो जपानमध्ये 1986 मध्ये चकतीवर निघाला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात खुपसायच्या डबीवर. त्या कार्ट्रिजच्या आत एक बारीकशी बॅटरी होती, खेळ जपून ठेवायला. आणि खेळणाऱ्याला स्पष्ट सूचना होती, की ‘रीसेट’चं बटण दाबून धरा आणि मगच वीज बंद करा, नाहीतर जपलेलं सगळं जाण्याची भीती आहे. हे वाचलं तेव्हा मला माझी ती खिटीच आठवली. आधी रूळ सैल, मग कागद. आताची यंत्रं स्वतःहून सेव्ह करतात आणि झोपीही जातात. सोय मोठी आहे, पण थांबण्याचा तो विधी मात्र गेला.

मी तो परत आणला आहे. पट्टा सुटल्यावर पहिले चार दिवस मी फक्त बंद करायचा सराव केला. खेळ सुरू करायचा, पोराला दहा पावलं चालवायचं, विराम, सेव्ह, बाहेर, यंत्र बंद. परत पहिल्यापासून. भाचीने फोनवर विचारलं, ‘मामा, कुठवर आलास?’ म्हटलं, ‘दहा पावलं.’ ती काळजीत पडली. पण लढाईच्या मध्येही विरामाची कळ दाबता येते, राक्षस हात वर करून तसाच उभा राहतो, हे मला तेव्हाच खऱ्या अर्थाने कळलं. तोवर मला वाटायचं की लढाई सोडून उठणं म्हणजे हरणंच.

आता शेजारी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ ठेवतो, यंत्रातलं नाही. यंत्रातला गजर बोटाने उडवता येतो. हे घड्याळ मुद्दाम पलीकडच्या टेबलावर असतं, त्यामुळे ते बंद करायला उठावंच लागतं आणि गुडघ्यालाही व्यायाम होतो. गजर वीस मिनिटांचा. उठलो की खिडकीतून लांब बघतो. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो हिशेब सोपा आहे. दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवरचं काहीतरी, 20 सेकंद. पडद्याकडे बघताना पापण्या लवायच्या विसरतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. तासाला दहा-पंधरा मिनिटं सुट्टी घ्या असं यंत्रं बनवणारेही सांगतात, फक्त ते इतक्या बारीक अक्षरात लिहितात की ते वाचण्यातच डोळे जावेत.

आणि मान! हे यंत्र मांडीवर ठेवून खेळायचं नसतं. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. एका अमेरिकन शल्यचिकित्सकाने 2014 मध्ये गणित मांडलं होतं, की मान 60 अंशांत खाली घातली तर मणक्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो. मी पोटावर उशी घेतो, कोपरं तिच्यावर टेकवतो, म्हणजे पडदा आपोआप छातीच्या उंचीला येतो. मनगट सरळ, अंगठे कळीवर नुसते ठेवलेले, दाबून धरलेले नाहीत. क्लासात मी ‘कळ दाबू नका, टिचकी मारा’ असं रोज ओरडायचो. इथेही तेच लागू आहे. कळ जोरात दाबली म्हणून तलवारीचा वार जोरात बसत नाही. हे मला कळायला हवं होतं, पण राक्षस अंगावर आला की कळतं सगळं आणि वळत काही नाही.

आता ज्या गोष्टीत थट्टा चालत नाही ती सांगतो. अशा खेळात जादूचे स्फोट होतात, विजा चमकतात, पडदा लाल-पांढरा लुकलुकतो. काही मोजक्या माणसांना, विशेषतः मुलांना आणि पोरसवदा वयात, अशा लुकलुकीने फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. आधी कधीच न आलेल्यालासुद्धा. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉन या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा चमकला आणि साडेसहाशेच्या वर प्रेक्षकांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून अंधारात पांघरूण घेऊन खेळणं बंद. खोलीत दिवा हवा, पडद्याची चमक कमी हवी, डोळ्यांपासून अंतर हवं, आणि झोप झालेली नसेल तर खेळ नको. लुकलुक सुरू झाली आणि विचित्र वाटायला लागलं तर डोळे घट्ट मिटून भागत नाही, उजेड पापणीतूनही जातो. एका डोळ्यावर तळहात ठेवून तोंड फिरवायचं. डोळ्यांपुढे काहीतरी नाचलं, हात आपोआप झटकला, क्षणभर कुठे आहोत ते कळेना, असं काही झालं तर यंत्र खाली ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. ही गोष्ट मुलांना खेळाच्या आधी सांगा. माझ्या भाचीलाही ती माहीत नव्हती, आणि ती वयाच्या आठव्या वर्षापासून खेळते आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. माझा खेळ एकदा विकत घेतला की पुरा आहे, आत काही मागत नाही. पण पट्टा सुटायच्या आधी, एका बोटाने खेळता येतो म्हणून, मी फोनवर एक फुकटचा खेळ घेतला होता. त्यात चौथ्या दिवशी एक चमकणारी पेटी आली. आत काय आहे ते पैसे भरल्यावरच कळणार. मी तीन पेट्या घेतल्या. तिन्हींत डोक्यावर घालायचा तोच एक टोप. असल्या काही पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्ये सरळ जुगार ठरवलं आहे. टोप बघितल्यावर मलाही त्यांचं म्हणणं पटलं. त्यानंतर भाचीने पालकांसाठी असलेला पिन माझ्या यंत्रांवर टाकला. तो मला सांगितलेला नाही. काही विकत घ्यायचं तर मला तिला फोन करावा लागतो, आणि ती आधी विचारते, ‘कशाला हवंय?’ बहुतेक वेळा माझ्याकडे उत्तर नसतं.

पत्रलेखकाला व्यसनाची भीती वाटते. ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, खेळाचा विकार म्हणून वेगळी नोंदच आहे. पण त्या नोंदीत तास मोजलेले नाहीत. ताबा सुटणं, बाकीच्या सगळ्याआधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, या खुणा त्यांनी बघितल्या आहेत, आणि त्याही साधारण वर्षभर टिकणाऱ्या. माझ्या मते पहिली खूण तर घरात कुणालाही तपासता येते. मुलाला ‘बंद कर’ असं ओरडून सांगू नका, ‘बंद कसं करतात ते मला दाखव’ म्हणा. विराम कुठे, सेव्ह कुठे, शेवटचं सेव्ह कधी केलं होतं, हे त्याला दाखवू द्या. मूल सेव्ह न झालेल्या जागी असताना आपण वीज तोडतो आणि मग ते चिडलं की त्याला व्यसनी म्हणतो. तासाभराचं टायपिंग झालेलं पान कुणी फर्रकन ओढून फाडलं असतं तर मीही शिव्याच दिल्या असत्या.

एक राहिलं. यंत्र उशीखाली ठेवून चार्ज करू नये, आणि आतल्या बॅटरीमुळे त्याची पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवावं. ती पाठ दाबून बघण्याचा मोह आवरावा.

सध्या मी पाचव्या गुहेत आहे. तिथे एक भलामोठा कोळी आहे. काल त्याचे पाच पाय कापले होते, तेवढ्यात टेबलावरचं घड्याळ वाजलं. मी विराम दिला आणि उठलो. आज सकाळी बघितलं, तर तो तीन पायांवर तसाच उभा होता.

आपला,
एक निवृत्त टायपिंग शिक्षक