वयाच्या ५८ नंतरचे काम गृहीत कसे धरायचे?

महोदय,
‘हातपाय चालतात तोवर काम करू’ असे वाळूजच्या कारखान्यांत पन्नाशीतला जो तो म्हणतो. निवृत्तीची सारी तजवीज याच भरवशावर असते. पण हातपाय चालले तरी हातातले काम राहीलच असे नाही. आयुष्यभर लेथ मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला ५८ नंतर ठेकेदार विचारतो ते वॉचमनच्या कामाला, तेही बारा तासांच्या पाळीत. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग अचूक वाचणारे माझे शेजारी आता गेटवर गाड्यांचे नंबर लिहितात. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांचा रक्तदाब वाढतो आणि खाडा झाला की त्या दिवसाचा पगार बुडतो. गावाकडे शेत आहे म्हणावे, तर दोन एकर कोरडवाहूत मुलाचेच भागत नाही.

ईपीएस-९५ या पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. एवढ्यात औषधगोळ्याही होत नाहीत. ५८ ला पेन्शन न घेता ६० पर्यंत थांबले तर ती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढते, हे अनेकांना ठाऊकच नसते. पण थांबायचे तर मधली दोन वर्षे पगार हवा ना! ही माहिती कारखान्यांनी कामगाराच्या पन्नाशीतच द्यावी. अशा जाणत्या हातांना आयटीआयत पोरांना शिकवण्यासाठी अर्धवेळ मानधनावर घ्यावे. आणि केंद्राने किमान पेन्शन वाढवावी, ही कळकळीची विनंती.

– एक कामगार, वाळूज, छत्रपती संभाजीनगर