व्हर्जिनियातील रेल्वेमार्ग-सफर : सभासदांसाठी सूचना

आपल्या सायकल मंडळातर्फे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जाणाऱ्या सभासदांना नम्र स्मरण, की वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन हा सुमारे 72 किलोमीटरचा डांबरी मार्ग 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर बांधलेला असून तो व्हिएन्ना, हर्नडन, लीसबर्ग अशा गावांतून पर्सेलव्हिलपर्यंत जातो. रेल्वेसाठी आखलेला असल्याने चढ सौम्य आहेत. त्यामुळे ज्येष्ठांनीही निःशंक यावे.

मात्र एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. मुंबईत आपण डावीकडून चालतो, तिथे उजवीकडून चालायचे असते, आणि पुढच्याला मागे टाकताना घंटी किंवा आवाज देऊन त्याच्या डावीकडून जायचे असते. मार्ग जिथे रस्ता ओलांडतो तिथे पूर्ण थांबावे आणि प्रथम डावीकडे पाहावे, कारण जवळच्या मार्गिकेतील वाहन त्याच बाजूने येते. आपली वर्षानुवर्षांची सवय नेमकी याच्या उलट आहे. पादचाऱ्यांना आधी वाट द्यावी.

या सरावासाठी सर्वांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता शिवाजी पार्कवर हेल्मेट आणि घंटी बसवलेली सायकल घेऊन यावे.

— सहल समिती