लुंबिनी–बोधगया यात्रा : सदस्यांसाठी स्मरणसूचना

सोलापुरातील सर्व यात्रेकरू सदस्यांना कळविण्यात येते की, सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि लुंबिनी या यात्रेची कागदपत्रे येत्या रविवारी सकाळी १० वाजता होणाऱ्या बैठकीत तपासली जातील. लुंबिनी नेपाळमध्ये असल्याने भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही. तथापि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ असणे आवश्यक आहे, झेरॉक्सवर विसंबू नये.

लुंबिनीत मायादेवी मंदिराजवळ उभ्या असलेल्या अशोकस्तंभावर ब्राह्मी लिपीत लेख असून, बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून सम्राटाने गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजभाग एक अष्टमांश ठेवला, असे त्यात नोंदवलेले आहे. हा लेख पाहण्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवला आहे. मागील अनुभव असा की, मंडळी छायाचित्रांतच रमतात. बोधगयेत महाबोधी मंदिराच्या आवारात मोबाइल नेता येत नाही, हे त्या दृष्टीने बरेच आहे. तेथे थायलंड, जपान, भूतान अशा देशांनी आपापल्या शैलीत बांधलेले विहार जवळजवळ असल्याने, थेरवाद, महायान आणि वज्रयान या बौद्ध परंपरांतील पूजाविधींचा फरक एकाच दिवसात पायी फिरून पाहता येतो.

ज्यांना इतका लांबचा प्रवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीची स्वतंत्र सहल विचाराधीन आहे. ‘राया असोको’ (राजा अशोक) अशी अक्षरे कोरलेले अशोकाचे शिल्प तेथे सापडले आहे. इच्छुकांनी आपली नावे बैठकीतच नोंदवावीत.