दुपारचं काय करायचं?

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

गणपतीपासून माझं पत्र नाही म्हणून कावला असशील. खुशाल काव. फोनवर मी बोलायला लागलो की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस, मला ऐकू येतं. तब्येत ठीक, साखर आहे तेवढीच.

परवा जेवून खुर्चीत डोळा लागला होता. फोन वाजला. कुरियरचा पोरगा, "काका, घरी आहात ना? येऊ का?" मी झोपेतच, अजून स्टेशन मास्तर असल्यासारखा, शेजारच्या स्टेशनाला गाडी सोडायची परवानगी आणि तिचा आकडा देऊन टाकला, "लाइन क्लिअर. प्रायव्हेट नंबर सत्तेचाळीस." पोरगा गप्प. मग म्हणतो, "काका, ओटीपी चार आकडी लागतो."

सुनेला हे सांगितलं तर ती डॉक्टर गाठेल. तू फक्त विचारशील, नंबर शीटवरून खोडलास का!

हसून झालं असेल तर पुढे वाच. दोन्ही मांडवी एक्सप्रेस गेल्या की संध्याकाळच्या चहापर्यंतची वेळ सरत नाही रे. ही गेल्यापासून सकाळ-रात्र कशीतरी निभते. सकाळी दूध, पेपर, झाडांना पाणी. दुपारला काहीच काम नाही. आपण आयुष्यभर वाटच तर पाहिली, पण तेव्हा जिची पाहायची त्या गाडीला नंबर असायचा. चार तास लेट असली तरी यायची. आता कोणाची पाहतोय तेच कळत नाही. बाजूच्या लूप लाइनला टाकून विसरलेली मालगाडी झालोय. (त्या पावसातल्या रात्री मालगाडी तूच आधी सोडायला हवी होतीस. मेमो मला मिळाला. असो.)

मिशेल सिफ्र नावाच्या फ्रेंच माणसाबद्दल वाचलं. 1962 साली आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने एकटा राहिला. बाहेर काढलं तेव्हा 14 सप्टेंबर होता, त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट. सेकंदाला एक या वेगाने एकशेवीसपर्यंत मोजायचं, तर त्याला पाच मिनिटं लागायची. मीही घड्याळाकडे पाठ करून मोजलं. दोन मिनिटांची दोनच निघाली! इतक्या वर्षांच्या ड्यूटीने घड्याळ अंगातच बसवलंय, तेच नडतंय. त्या फ्रेंचाचे निदान तीन आठवडे तरी फुकटात गेले. माझं मिनिटही कोणी माफ करत नाही. आणि महिने मात्र पळतात. पावसाळी वेळापत्रक संपलं हे मला शिट्टीची वेळ बदलल्यावर कळलं, आहेस कुठे!

मुलगा म्हणतो ठाण्याला या. तिथेही दुपार असेलच, वर लिफ्ट.

गुडघ्याचं ऑपरेशन केलंस का? वहिनींना नमस्कार. नातीचं बारसं दणक्यात झालं म्हणे, फोटो पाहिले, नाक तुझं नाही हे बरं झालं.

महिनाअखेर ये. कॅरमची पावडर संपलीय, घेऊन ये. आणि दुपारच्या आत पोच. संध्याकाळी माझं मी बघतो.

तुझा,
अण्णा